ऐकण्याचा तास

३ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

माझी कॉलेजातली जर्मनची पोरं ऐकण्याच्या परीक्षेत एकाएकी पुढे कशी गेली, असं विचारलंस. युक्ती साधी आहे. ध्वनिफीत एकदाच लावायची, शब्द टिपायचे नाहीत. कोण बोलतंय, कुणाशी, आणि त्याला हवंय काय, एवढंच सांगायचं. जिथे दोन पोरांचं एकमत होत नाही, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायचा. आधी श्रवण, मग मनन. संस्कृतच्या गुरुजींनी फुकट दिलेलं मी जर्मनांच्या नावावर खपवतो.

आता विभागप्रमुखबाईंनी नव्या फिती आणल्यात, सोबत छापील मजकूर नाही. पुढच्या सोमवारी त्या माझ्या तासाला बसणार आहेत. तेव्हापासून रजेचा अर्ज लिहितो आणि फाडतो. का, ते विचारू नकोस. लोभ आहेच, चौकशा तेवढ्या कमी कर.

तुझा दादा

७ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

विचारणारच. तू फोन उचलेनासा झालास म्हणून तर ही पत्रं. शेवटच्या फोनवर वहिनीची तब्येत कशी आहे विचारलं, तर तू हो म्हणालास. जुन्या फिती तुला पाठ आहेत म्हणून आजवर निभावलं, खरं ना? बाबांनीही असंच हो हो करत दहा वर्षं काढली, आणि शेवटी घरात त्यांच्याशी कुणी बोलेनासं झालं. मला त्याचीच धास्ती आहे. पुढच्या शनिवारी सकाळी दहाची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रागाव, पण ये.

धाकटी

११ ऑगस्ट

चि. धाकटीस आशीर्वाद, उरले असतील तेवढे.

काल तास झाला. फीत लावली, डोळे मिटले आणि नेहमीसारखी मान डोलावत राहिलो. डोळे उघडले तर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. फीत सुरूच झाली नव्हती. पोरं हसली असती तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, बटण दाबून गुपचूप जागेवर जाऊन बसली. म्हणजे त्यांना केव्हाचं ठाऊक होतं. प्रमुखबाईंनी वहीत काही लिहिलं. काय, ते विचारायचा धीर झाला नाही. उत्तर ऐकू आलं नसतं तर?

शनिवारी येतो. तू शेजारी बस. डॉक्टरांचे शब्द नकोत, त्यांना म्हणायचंय काय तेवढंच कागदावर लिहून दे. मला पटलं नाही, तर तेवढा तुकडा त्यांना पुन्हा विचार.

लोभ असू दे. जरा मोठ्या आवाजात.

दादा