काळ्या सरदाराचा चेहरा

१४ नोव्हेंबर

प्रिय पिंट्या,

साठीला टेकलेल्या माणसाला पिंट्या म्हणू नये, कळतं मला. पण दुसरं काही लिहायला हात वळेना. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या लेकीकडून समजलं. आता नीट दिसतं ना?

इकडे प्रकाशकांनी नवीन टूम काढली आहे. कॉमिक्सच्या जुन्या चित्रकारांनी आपापलं गाजलेलं मुखपृष्ठ पुन्हा काढायचं, जसंच्या तसं. माझ्या वाट्याला अर्थातच काळा सरदार आला. म्हटलं, आपलंच चित्र, हातचा मळ! मनोरा झाला, घोडा झाला. (घोड्याला तेव्हा तीनच पाय काढले होते. चाळीस वर्षांत कुणी ओरडलं नाही, म्हणून आताही तीनच ठेवलेत.) सरदाराचा चेहरा मात्र काही केल्या जमेना.

सतरा वेळा काढला. जावयाला समोर बसवलं, आरशात स्वतःच डोळे वटारून पाहिले. दर वेळी नुसताच रागीट माणूस उतरायचा. असं का, म्हणून मूळ चित्र भिंगाखाली धरलं आणि दाढी, शिरस्त्राण कागदाच्या तुकड्यांनी झाकत गेले. उरलं काय? घट्ट मिटलेले ओठ, फुगलेल्या नाकपुड्या, ताणून उघडे ठेवलेले डोळे.

पिंट्या, हा राग नाहीच! हा श्वास रोखून धरलेला पोरगा आहे. एकोणीस वर्षांचा तू, स्टुलावर उभा, खांद्यावर खिडकीचा पडदा, हातात झाडूचा दांडा. "पापणी हलली तर याद राख," असा माझा दम. कॉमिक्स वाचणारी सगळी पोरं ज्याला टरकायची, तो बहिणीचं चित्र बिघडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता. इतकी वर्षं मला हे दिसलं कसं नाही?

दिसणार कसं म्हणा. मीच भलतं सांगत सुटले होते. माझ्या सत्काराला कुणीतरी विचारलं, इतका दुष्ट चेहरा कुठून आणलात? मी म्हणाले, "शोधायला लांब जावं लागलं नाही, आमच्या घरातच आहे." हॉल खो खो हसला. तिसऱ्या रांगेतून तू उठून गेलास, ते मी पाहिलं. तरी बोलत राहिले. आईच्या शेवटच्या दिवसांत तू आला नाहीस, तो राग मी चारचौघांत असा काढला आणि वर त्याला विनोद म्हटलं. नऊ वर्षं झाली. चुकलंच माझं.

आता मुखपृष्ठामागे माझ्या दोन ओळी छापायच्या आहेत. मी लिहिलंय: "सरदारासाठी माझा धाकटा भाऊ दोन तास न हलता उभा होता. त्यातला दुष्टपणा त्याचा नाही." पटत नसेल ते खोड.

चेहऱ्याची जागा अजून कोरी आहे. प्रकाशक म्हणतात, जुन्यावरून गिरवून टाका. तू हो म्हटल्याशिवाय नाही गिरवणार. तुझा चेहरा एकदा तुला न विचारता लोकांपुढे टाकला, तेवढं बस झालं. तू नको म्हणालास, तर चित्र असंच बिनचेहऱ्याचं देईन, ते छापोत किंवा न छापोत.

हो म्हण, नको म्हण, चार शिव्या दे. पण उत्तर दे.

ताई