हातोड्याची अंगाई

आमच्या घरधन्यांना नमस्कार,

लेकाच्या जुन्या घराची दुरुस्ती जोरात चाललीय. आम्ही पाच जण एकाच खोलीत, पण मजेत आहोत. तान्ह्या नातवाला हातोड्याची एवढी सवय झालीय, की ठोकणं थांबलं की तो झोपेतून उठून रडतो. आज गवंडी आला नाही, म्हणून मीच फळीवर लाटणं आपटत बसलेय.

हे लिहून घेणारी सूनबाई पेन धरूनच पेंगतेय. मी रविवारी निघणार होते, पण स्वयंपाकघराला छत होईपर्यंत थांबेन म्हणते. तोवर गुडघ्यांना तेल स्वतः लावा, हात झिजत नाहीत. दुखणं वाढलं तर मात्र लपवू नका.

हे ऐकून सूनबाई म्हणाली, "आई, खरंच थांबाल?"

म्हटलं, "आधी लिही, मग रड."

खाली माझा अंगठा आहे. शाई सापडली नाही, भिंतीचा रंग लावलाय.

तुमची चाळीस वर्षांची कटकट