बाबांची तारीख

३ जाने. १९५८, अकोला
बाबांनी आज पाणी मागितलं ते "तारीख दे" म्हणून. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. रागावले, ओठांकडे बोट केलं. डोक्यातल्या गाठीने वकिलाचे सगळे शब्द नेले, कोर्टातला हा एवढा ठेवला. संध्याकाळी शालही तारीखच. तेल्हाऱ्याची आत्या आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली.

६ जाने.
डॉ. इंजेक्शन देऊन गेले. दुखणं तेवढं कमी राहील. मुंबईला ऑपरेशन केलं तर काही महिने मिळतील कदाचित, वाचा येणार नाही. "घरच्यांनी ठरवा." घरचे म्हणजे दादा. अमरावतीला तार केली.

दिवाळीत वाचा शाबूत होती तेव्हा बाबा म्हणाले होते, "बेबी, बोलता येईनासं झालं की मला कुठे नेऊ नका. याच खोलीत राहू द्या. दुखणार नाही एवढं बघा." नेऊ नका म्हणाले, की नेऊ नको? जन्मभर लोकांची मृत्युपत्रं दोन-दोन साक्षीदार बसवून केली. स्वतःचं तोंडी, आणि साक्षीला मी.

८ जाने.
दादा आला. सगळं सांगितलं.
"तेव्हा आणखी कोण होतं?"
कोणी नाही.
"मग?"
वकिलाचाच मुलगा. आत्या म्हणाली, "पोरीच्या सांगन्यावर बापाले घरात मरू द्याचं का? लोक काय म्हनतीन?"
लोक!

९ जाने.
दादा खाटेशी बसून, "बाबा, मुंबईला जायचं ना? बरं व्हायचं ना?"
"तारीख."
दादाचे डोळे भरले. "बघ, ऑपरेशनची तारीख विचारताहेत!"
मी पेला लावला. घटाघटा प्याले.
दादा, "पाणी काय, कोणीही पिईल."
आत्या, "तुले त सारंच उलटं दिसते."
तिकिटं काढली.

१० जाने.
शाळेच्या आधी मला बाबांनीच घरी शिकवलं. हाताखालच्या वकिलांना सांगत तेच मलाही, उत्तर प्रश्नात घालून विचारू नये, तो सूचक प्रश्न. आज दादा बाहेर गेल्यावर मी विचारलं, "बाबा, घरीच राहायचं ना?"
"तारीख."
दादाला जे उत्तर, तेच मला. शरम वाटली, तरी पुन्हा विचारलं.

१२ जाने.
टांगा आला. उचलताना बाबांनी दाराची चौकट धरली. "तारीख, तारीख." पेला लावला, ओठ घट्ट मिटले. शाल घातली, ढकलली. दादा एकेक बोट सोडवत होता, तोही रडत होता. मला म्हणाला, "तूच सांग, काय मागताहेत?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला विचारलं.
म्हटलं, "कोर्टात तारीख कशाला मागतात, दादा? आज नको म्हणूनच ना?"
त्याचा हात थांबला. बाहेरून टांगेवाला, "साहेब, गाडी चुकून राह्यली!"
बाबांना परत खाटेवर टेकवलं आहे. दादा ओसरीवर, तिकिटं हातात. माझाही प्रश्न सूचकच होता.
टांगा अजून दारात आहे.