पडद्यावरचा टेम्पो

२ मे, शनिवार
सकाळी दळण आणलं. दुपारी ऊन फार. चार वाजता सिनेमावाल्या प्रणिताचा फोन आला. दिवाळीनंतर इथं शूटिंग झालेला सिनेमा तयार झाला. पुढच्या शनिवारी तलवाड्यातच, शाळेच्या मैदानावर पडदा लावून फुकट दाखवणार.
"वहिनी, दादा आहेत त्यात. नक्की या."
बरं म्हणाले. फोन ठेवून पीठ चाळायला घेतलं.

३ मे, रविवार
झोप नाही. इथं तरी खरं लिहिते.
सिनेमात एक पोरगी बापाचा टेम्पो घेऊन समुद्र बघायला निघते. नटीला टेम्पो चालवता येत नव्हता. म्हणून टेम्पो आमचा आणि चालवणारे हे — तिचा ड्रेस घालून, तिची ओढणी घेऊन! त्यासाठी मिशी काढली. मामंजी धडधाकट असताना! आमच्यात बाप गेल्यावरच पोरगा मिशी काढतो. आत्याबाई पोटच्या पोरावर ओरडल्या, "कावून काढली? तुजा बाप मेला का?" ओढणीचं कसं सांगणार? यांनी ठोकून दिलं — "हनुमानच्या हातानं एक बाजू जादा उडाली, मग समदीच काढली."
हनुमानभाऊंचं स्टँडवर सलून आहे. यांचे शाळेपासूनचे दोस्त. यांनी गळ घातली, म्हणून त्यांनीही माझ्याच हातून झालं म्हणून सांगितलं.
ब्लेड माझ्या हातात होतं. मोरीत, दार लावून. दोघं हसत होतो.
दोन महिन्यांनी, जानेवारीत, उसाच्या ट्रॉलीला मागून टेम्पो धडकला. हे गेले.

५ मे, मंगळवार
बाजारातून येताना हनुमानभाऊंच्या दुकानावरून आले. खुर्ची रिकामी. तेराव्याला आत्याबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "त्याच्या वस्तऱ्यानं माजं लेकरू खाल्लं." तेव्हापासून आमच्या आळीतलं कुणी तिथं दाढीला जात नाही. भाऊ एका शब्दानं बोलले नाहीत. मीही नाही.
मला बघून म्हणाले, "वहिनी, ऋतुजा कितवीला गेली?"
सहावीला, म्हणाले आणि निघाले. पळालेच!

७ मे, गुरुवार
आत्याबाई जायचं म्हणतात! वर्षाच्या आत करमणुकीला जात नाहीत, असं म्हणून बघितलं. "करमणूक कशाची? माजं लेकरू दिसणार हाय तिथं." मामंजींनी ठेवणीतलं धोतर काढलं. ऋतुजा सारखी विचारते — पप्पा बोलतील का?
चेहरा दिसला तर? गाव हसेल. मेलेल्या माणसाला हसेल. मग सलूनची थाप उघडी पडेल, आत्याबाई विचारतील, मिशी काढली कुणी? मला घरात ठेवतील का? ऋतुजाला माझ्याबरोबर पाठवतील का?
याहून मोठी भीती लिहायचं टाळत होते. आत्याबाईंचं खरं असेल तर? त्या मिशीमुळंच झालं असेल तर? म्हणजे माझ्या हातानं.

८ मे, शुक्रवार
आज भाजीत दोनदा मीठ टाकलं.

९ मे, शनिवार
गेलो. पडदा वाऱ्यानं फुगत होता. पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या. सुरुवातीला पोरीच्या स्वप्नात समुद्र आला तेव्हा मधेच कुणी उभं राहिलं. "अबे, बस खाली! तुजं टाळकं पोहायलंय समुद्रात!" सगळे हसले. मी ऋतुजाचा हात घट्ट धरून बसलेले.
आपला टेम्पो आला. आधी लांबून, घाटात. मग आतून — स्टिअरिंगवर दोन हात, वर उडणारी लाल ओढणी. चेहरा नाही! शेवटपर्यंत नाही! मिशी उगाच काढली होती.
"पोरीच्या हातावर केस किती बे!" मागून आवाज आला.
"पप्पा!" ऋतुजा ओरडली.
मग सगळ्यांना कळलं. "अंगद पोरगी झालता की!" म्हणत टाळ्या वाजवल्या. मामंजी डोळे पुसत होते. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या — चार महिन्यांत पहिल्यांदा. हनुमानभाऊ कडेला उभे होते, तेही हसत होते. आत्याबाईंची नजर तिकडं गेली. हसू गेलं. मातीत थुंकल्या.
मला कुणी काही विचारलं नाही. घरी येईस्तोवर मनात एकच — वाचले.

१० मे, रविवार
शेजारची मंगल सांगत होती, हनुमानभाऊ महिनाअखेर दुकान सोडून पुण्याला चाललेत. "गिऱ्हाईकच न्हाई तर काय करील?"
मी वाचले, ते भाऊंच्या जिवावर.

११ मे, सोमवार
सकाळी आत्याबाई भाजी निवडत होत्या. समोर बसले आणि सांगितलं. सगळं. मिशी मी काढली, हनुमानभाऊंनी नाही.
त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग एवढंच विचारलं —
"काढताना हसत होता का त्यो?"
"हो. लई."
उठल्या. चप्पल घातली, स्टँडच्या दिशेनं गेल्या. अजून आलेल्या नाहीत.
आठ दिवसांनी नळ आला. मी हंडे भरून घेतले.