लेकाच्या रक्तावर आळ

आत्या, आज तुमच्या नातीला शाळेतून आयकार्ड मिळालं. पुढे डोळे मोठ्ठे करून काढलेला फोटो आणि मागे रक्तगट, बी पॉझिटिव्ह. घरात शिरल्या शिरल्या तिनं ते दाराजवळच्या खुंटीवर आमच्या दोघांच्या कंपनीच्या कार्डांशेजारी अडकवलं. ती तीन कार्डं एका रांगेत लटकताना पाहिली आणि कणीक तशीच ठेवून मी लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी चपात्या कर, मग काय रडायचं ते रड.

सासूला आत्या म्हणायची तुमच्या घरची रीत. मी काळेवाडीत वाढलेली, मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या कामगाराची मुलगी. लग्न होऊन चाकणजवळच्या तुमच्या गावात आले तेव्हा ते आत्या म्हणणं जिभेवर बसेना. तुम्ही कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचात, मी शेजारच्या कंपनीत पार्ट तपासायला होते. सकाळी एकाच बसनं जायचो. तुम्ही फारसं बोलायचा नाहीत, पण खिडकीची जागा मला द्यायचात.

पहिलं गेलं तेव्हा सगळे म्हणाले, होतं असं कधीकधी. दुसरं गेलं तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, आणि ते जास्त लागलं. मी दवाखान्यातून येऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि वर तुपाची धार असं ताट आणून ठेवलंत. चुलत सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आगं, ही काय बाळंतीन हाय व्हय?" तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "बाळ न्हाई म्हनून काय अंग झिजलं न्हाई तिचं?" एवढंच बोललात. आजही शेपूचा वास आला की माझा हात पोटावर जातो.

मग एकदा तुम्ही खुंटीवरची आमची दोन कार्डं उलटी करून बघत बसलात. "दोघांचं रगत येकच हाय की गं. कँटीनातल्या बाया म्हनत्यात, सारख्या रक्ताच्या जोडीला प्वार टिकत न्हाई." मला हसूही आलं आणि रागही आला. पण तुम्ही एक दिवस सुट्टी टाकून मला पिंपळे सौदागरला डॉक्टरीणबाईंकडे नेलंत आणि खुर्चीत बसायच्या आधीच तो प्रश्न विचारलात. बाईंनी शांतपणे समजावलं. नवराबायकोचा रक्तगट सारखा असला म्हणून गर्भ पडत नाही. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं आणि वेळेवर इंजेक्शन द्यावं लागतं, पण तुमच्याकडे तो प्रश्नच नाही. पुष्कळदा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो. कधी थायरॉईड असतो, कधी साखर, कधी पिशवीची ठेवण, कधी रक्तात गुठळ्या व्हायची खोड. तपासण्या करू, पण सगळं करूनही कारण सापडत नाही असंही होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजी पोरीनं जड उचललं, मशीनीवर हुबी ऱ्हायली, म्हनून न्हाई ना?" बाई म्हणाल्या, नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. परतताना बसमध्ये तुम्ही मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसला होतात.

तपासण्या आज करू उद्या करू म्हणता म्हणता तिसरं राहिलं आणि तेही गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नणंदेचं डोहाळजेवण आलं. मी घरात थांबते म्हटलं तर तुम्ही मलाच नवी साडी नेसायला लावलीत. ओटी भरायला मी तांदळाचं सूप उचललं आणि चुलत सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "तू नगं. मागं हो." तेवढ्यावर थांबतील तर त्या कसल्या! मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात तुम्हाला म्हणाल्या, "आता पोराचं दुसरं बगा. किती दिस वाट बगनार?" मी सूप खाली ठेवलं.

तुम्ही उठलात. "दुसरी आनून काय व्हनार? डागदर म्हनली, खोट माज्या लेकाच्या रक्तात हाय. धा बायका केल्या तरी तेच व्हनार. पोरीला बोलायचं काम न्हाई." तुमचा लेक पलीकडे पंगतीत मठ्ठा वाढत होता. त्यानं ऐकलं आणि तसाच वाढत राहिला. नणंदेनं पदर माझ्यापुढे धरला आणि मी ओटी भरली.

आणि मी तुमच्यावर चिडले, आत्या. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं तुमच्या डोक्यावरून गेलं. निष्पाप माणसाला, स्वतःच्या पोटच्या पोराला, चारचौघांत खाली पाहायला लावलंत. कंपनीत त्याला पोरं चिडवायची, "काय राव, रक्तातच गडबड का?" तो हसून सोडून द्यायचा. मी मात्र आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही सकाळी चहाचा कप माझ्या बाजूला सरकवायचात आणि मी न पिताच बस गाठायचे.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, कुणाला काही कळायच्या आत. मग आम्ही राहिलेल्या तपासण्या केल्या. गुठळ्यांची खोड निघाली, ती माझ्या रक्तात. बारीक गुठळ्या होऊन वारेतून बाळाला पोसणंच थांबायचं. कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर रडले, शेवटी खोट माझ्यातच निघाली म्हणून. तेव्हा तुमचा लेक म्हणाला, "खोट कसली, आजार आहे. आणि एक सांगू? डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आईनं मला विचारलं होतं. म्हणाली, उद्या चुलती तुझ्या बायकोला बोलणार, मी सगळं तुझ्यावर ढकलीन, चालंल का? मी म्हटलं, ढकल." पुढे दिवस राहिले तेव्हा पोटात टोचायचं इंजेक्शन रोज त्यानंच दिलं. एक दिवस चुकवला नाही. पोर टिकली. कपाळ थेट तुमचं.

तुमचं ते बोलणं मात्र कँटीनातल्या बायांच्या सारख्या रक्ताच्या समजुतीत मिसळून भावकीत मुरलं. आता पत्रिकेआधी रक्तगट विचारतात. परवा चुलत सासूबाई नातवाचं ठरलेलं लग्न मोडायला निघाल्या, कारण मुलीचं रक्तही ओ पॉझिटिव्ह आणि मुलाचंही. ती मुलगी रडून अर्धी झाली होती. मी गप्प बसले असते तर तुमचं खोटं झाकलेलं राहिलं असतं, पण तिचं लग्न मोडलं असतं. म्हणून गेले आणि सांगितलं, सारख्या रक्तगटानं काही होत नाही. आमच्यात होतं ते माझ्या रक्तात होतं, औषध घेतलं, पोर टिकली. त्यांनी उलट मलाच विचारलं, "मंग तुज्या सासूनं लेकाचं नाव का घेतलं?"

"मला वाचवायला," मी म्हटलं. तुमच्यापुढे जे कधी बोलले नाही ते त्यांच्यापुढे बोलून बसले. त्यांनी आत जाऊन चहा टाकला आणि मी तो सगळा प्यायले.

तुम्ही सरकवलेला चहाही मला हवा होता, आत्या. कपाची वाफ दिसायची आणि मी मुद्दाम तोंड फिरवायचे.