दोघींत एकच खडू

बाई,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज मला भांडायचंय तेही तुमच्याशीच. ज्या खोलीत तुम्ही मला मराठी शिकवलं, तिथंच आता मी शिकवते, आणि तुमची ती जोडी लावायची रीत माझ्या हातून मोडून पडली आहे.

मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायचे. घरी आमची गोरमाटी, शाळेत मराठी. कितीतरी दिवस मी नुसती तोंडाकडे पाहत बसायचे. तुम्ही मला गावातल्या एका वाचणाऱ्या पोरीशेजारी बसवलंत आणि फरशीवर लिहायला दोघींत एकच खडू दिलात. जिला येतं तिनं फक्त सांगायचं, लिहायचं जिला येत नाही तिनं. एकदा माझं अडखळणं बघून तिला काही राहवलं नाही, तिनं खडू ओढून भराभरा लिहून टाकलं. मला वाटलं, आता हिची खैर नाही. तर तुम्ही माझ्याकडेच वळता, डोळे मोठे करता. "तुनं खडू देलाच काहून? तुहा होता ना तो?" असा राग आला होता तुमचा! पण त्यानंतर खडू मी सोडला नाही. आणि मला समजावता समजावता तिचंही वाचन पक्कं झालं, हे तीच सांगायची.

यंदा मीही तसंच केलं. सोयाबीनवाल्या घरची एक हुशार पोरगी, आणि तिच्याशेजारी तांड्यावरची एक, जी एरवी मान वर करायची नाही. पोळ्यापर्यंत ती चुकतमाकत वाक्य लिहायला लागली. मग एका दुपारी हुशार पोरीची आई दाखला मागायला आली. शेलूबाजारच्या इंग्रजी शाळेची व्हॅन आता गावात येते. मी तिला जोडीचं सगळं सांगितलं, यात दोघींचंही भलं आहे म्हणाले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, मी माही पोरगी शिकाले धाडतो, दुसऱ्याच्या पोरीले शिकवाले नाही."

दाखला दिला. काय करणार? गावातली वाचणारी पोरं एकेक करून व्हॅनमध्ये चढली, आणि राहिलेली दिवाळीनंतर आईबापामागं ऊसतोडीला जातील. न येणाऱ्याशेजारी न येणाराच बसवून काय कप्पाळ शिकवू मी? ती तांड्यावरची पोरगी अजून शेजारची जागा मोकळी सोडून बसते, खडू हातात धरून. परवा मला विचारते, "सांगनारी कधी येईन?" मी हजेरी घ्यायला लागले.

हे पत्र टाकणार तरी कुठं? आणि तुम्ही असतात तरी मी टाकलं नसतं. त्या आईला मी उत्तर का दिलं नाही, हे तुम्ही विचारलंच असतं. बाई, व्हॅनमध्ये तिच्या पोरीशेजारी माझीच मुलगी बसते.