तुलनेसाठी निरोगी व्यक्ती

३ फेब्रुवारी
धारला आले आणि खोली पाहून जीव खूश झाला. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो. सोबतीण मोना शाळेत गणित शिकवते. मी देवासची म्हटल्यावर म्हणाली, देवीच्या टेकरीवाल्यांना चढायची सवय असते, मग कपाटाची वरची फळी तुझी.

काम मनासारखं मिळालं आहे. दर महिन्याला कंपवाताच्या रुग्णांकडे जायचं, हाताची थरथर शून्य ते चार अशी मोजायची, रक्त घ्यायचं. प्रत्येक रुग्णाबरोबर त्याच घरातली एक निरोगी व्यक्ती, तुलनेसाठी.

८ फेब्रुवारी
नालछ्याला उमाबाई आणि त्यांचे यजमान तुकारामभाऊ यांच्याकडे गेले. भाऊ शिंपी. त्यांचे पूर्वज दरबारचे तंबू शिवायला साताऱ्याकडून आले, ते इथलेच झाले. उमाबाईंचा उजवा हात थरथरतो : दोन. भाऊ : शून्य.

रक्त कशाला, असं त्यांनी विचारलं. सांगितलं की मेंदूच्या पेशीवर ऑक्सिजनचा जहाल मारा होतो, तेव्हा डीजे-वन नावाचं एक प्रथिन पुढे होऊन तो वार अंगावर घेतं. ते स्वतः जळतं, पेशी वाचते. असं जळालेलं प्रथिन रक्तात किती आहे ते आम्ही मोजतो. भाऊ म्हणाले, डीजे तर बारातीत वाजतो ताई, हिच्या रक्तात कुठून आला. उमाबाईंनी त्यांना दटावलं की चहा हातात असताना हसवू नका, अर्धा कप तसाही रोज सांडतो.

११ मार्च
एक चूक लिहून ठेवते. आठ तारखेला नालछ्याला जायचं होतं. मावसबहिणीच्या साखरपुड्याला देवासला गेले. अभ्यासाचे प्रमुख अंबरीश सर, त्यांना फॉर्म संध्याकाळपर्यंत हवा होता. आईच्या स्वयंपाकघरात बसून भरला. हा आजार वाढतोच, म्हणून उमाबाईंना तीन लिहिले. खरं वाटावं म्हणून एक पडणंही घातलं : त्याच सकाळी, मोरीत, डावं मनगट. रक्ताचा नमुना वाटेत खराब झाला असं कळवलं.

मोनाला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या शाळेत हजेरीही अशीच भरतात, तू फालतू टेन्शन घेऊ नको.

८ एप्रिल
उमाबाईंच्या डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. मोरीत पडल्या. कधी, ते मी विचारायला नको होतं. भाऊंना तारीख पाठ होती. आठ मार्च. ताई येणार म्हणून सकाळीच न्हायला गेली, म्हणाले.

थरथर तीन.

मी खाली मान घालून खरा आकडा लिहिला. तो आधीच लिहिलेला होता.

२२ एप्रिल
पडलेल्या रुग्णाची महिन्याच्या मध्ये एक जादा भेट असते. आज न जाताच तिचा फॉर्म भरला. उमाबाई : शून्य. दुसऱ्यांदा खोटं लिहिलं, पण या वेळी देवाला हात जोडावेत तसं. निरोगी व्यक्तीचा रकाना कोरा ठेवला. भाऊंचं काय बदलणार?

२५ एप्रिल
उमाबाई पोळ्या लाटत होत्या. पोरी, तुझा पायगुण, म्हणाल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला. हात स्थिर होता.

भाऊ मशीनपाशी बसले होते. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. दोन्ही भेटत नव्हते. हसून म्हणाले, बारात आता माझ्या दारात आली ताई. शाळेचे चाळीस गणवेश कापून पडले होते.

मोजलं. तीन. दोघांचं रक्त घेतलं.

३० एप्रिल
अहवाल आला. उमाबाईंचं प्रथिन स्वच्छ. भाऊंचं जवळजवळ सगळं जळालेलं. सर खूश आहेत, असं आजवर पाहिलं नाही म्हणाले. मी त्यांना सगळं सांगणार होते. ते म्हणाले, शाब्बास. मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

तीन कुठे जात नाही. कोणाला तरी घ्यावंच लागतं.

२ मे
नवा फॉर्म. उमाबाई शून्य. भाऊ शून्य. खाली माझं नाव घातलं. त्यांच्या घरातली नाही मी, तरी घातलं.

तीन.

३ मे
भाऊंचा फोन. सुई ओवली. पहिल्याच झटक्यात, म्हणाले. रडत होते. मागून उमाबाई म्हणत होत्या, ताईला जेवायला बोलवा.
फोन मी डाव्या हातात धरला होता.

७ मे
डाव्या हाताने लिहितेय. सरांना खरं सांगितलं — सगळं. म्हणाले, ऊन फार आहे, चार दिवस आराम कर. आकडे चांगले आहेत.
कुर्त्याची बटणं मोना लावते.

९ मे
आता डावाही. आईचा फोन आला — नुसतं ऐकलं. जीभ —
मोना भरवते. शाळेत रजा टाकलीय तिने.

१२ मे
फॉर्म काढलाय. नुसता बघायला.

एकच महिना. मग परत घेईन. घेता येतं — मी घेतलं होतं ना —

मोना आत खिचडी टाकतेय. मऊ कर म्हटलं नव्हतं, तरी मऊ करते.

त्याच घरातली निरोगी व्यक्ती.

नको. लिहिणार नाही. पेन खाली ठेव —

तिला कळणारही नाही. थोडंसंच. एक लिहीन. तीन नाही, एक —

नाव : मो